पायांखालचा पाट

१

"काय अण्णा, गाडीची तब्येत काय म्हणते?"

त्या वर्षी डोंबिवलीत अण्णा टिपणीसांना दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत जो तो हेच विचारायचा. खुद्द अण्णांची तब्येत कुणी विचारत नसे. विचारून करणार काय? बायको गेलेली, एकुलती एक मुलगी चित्रा लग्न होऊन जबलपूरला, ठाकुर्लीच्या पॉवरहाउसातली नोकरी संपलेली. असा माणूस कसा असणार ते दिसतच होतं. त्यापेक्षा गाडीचं बरं होतं. गाडी सुधारत होती.

गाडी विलायती. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. शर्यतीत पळवायच्या गाड्या असतात ना, त्यातली. पॉवरहाउसच्या गोऱ्या साहेबाने हौसेने आणवली होती. सत्तेचाळीस साली साहेब घाईघाईने बोटीत बसला आणि गाडी बंगल्यामागे राहिली. पुढे चाकांभोवती गवत माजलं, बॉनेटखाली घुशी झाल्या, गाद्यांवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. एके दिवशी अण्णांनी ती बैलजोडीला बांधून ओढत घरी आणली, तेव्हा सुमतीबाई दारात उभ्या राहून पोट धरून हसल्या होत्या.

"अहो, हे काय ध्यान आणलंत? जागा दोघांना आणि नखरा बघा साहेबाचा!"

"नीट करीन मी. मग तुला टिटवाळ्याला नेईन गणपतीला. याच गाडीतून, टप खाली टाकून."

"मला? आणि माझे पाय हो?"

सुमतीबाई चणीने अगदी लहान. अण्णांच्या खांद्यालासुद्धा लागत नसत. खुर्चीवर बसल्या की पाय लोंबकळायचे, मग पायांना मुंग्या यायच्या, मग त्या वैतागायच्या. म्हणून घरात जिथे खुर्ची तिथे खाली एक छोटा पाट असायचाच. अण्णांनी गाडीसाठीही सागवानी पाट करून घेतला, डावीकडे पायांखाली बेताने बसेल असा. बाईने डावीकडे बसायचं ही आपली रीत, आणि साहेबाच्या गाडीतही सोय तीच, याचं दोघांना फार कौतुक वाटलं होतं. पण पाट झाला आणि गाडी व्हायची राहिली. मार्गशीर्षात साधा ताप आला म्हणता म्हणता सुमतीबाई गेल्या.

पुढच्या श्रावणात कल्याणच्या सहदेव मिस्त्रीने गाडी पुरी केली. काय केली म्हणता! सडलेली लाकडी चौकट बदलली, पत्रा ठोकून सरळ केला, वर गर्द हिरवा रंग दिला, गाद्यांना नवं तपकिरी चामडं चढवलं. साहेब बघता तर परत फिरला असता. अण्णा रोज सकाळी चहा झाला की जुन्या धोतराचं फडकं घेऊन अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचे. इंजिनाखाली तेल गळलंय का ते बघायचे, चाकांच्या तारा बोटांनी वाजवून बघायचे, काचा पुसायचे. डाव्या गादीवर मात्र कुणी बसायचं नाही असा दंडक होता. सहदेवनेसुद्धा नाही. टिटवाळ्याला जाणं तेवढं झालं नव्हतं. रिकाम्या जागेशेजारी बसून देवाला जायचं तरी कसं?

२

भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं त्या दिवशी करायचं असतं. तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. कुंपणापलीकडच्या सरोजवहिनी यायच्या होत्या. घरकाम करणाऱ्या हौसाबाईने पुरणाचा घाट घातला होता. पानं मांडायची वेळ झाली आणि वहिनींचा निरोप आला, चुलतदीर वारले, सुतक आलं.

आता ऐनवेळी सवाष्ण आणायची कुठून? हौसाबाई विधवा. ओटीचं ताट हातात घेऊन अण्णा पडवीत नुसते उभे राहिले. पहिलंच वर्ष, आणि तेही धड होऊ नये! त्यांना फार वाईट वाटलं.

मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे. ते ताट घेऊन शेडमध्ये गेले. गाडीचं डावं दार उघडलं, गादीवर खण पसरला. खणावर तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड ठेवलं, गजरा ठेवला. पाटावर हळदकुंकू वाहिलं.

एवढं झालं आणि ते अडले. तिला बोलवायला हवं होतं. पण बोलवायचं कसं? अण्णा जुन्या वळणाचे. लग्नात उखाण्यात एकदा बायकोचं नाव घेतलं होतं, तेही मित्रांनी कोपरखळ्या मारल्यावर. त्यानंतर सबंध संसारात नाही. ती म्हणायची 'अहो', हे म्हणायचे 'अगं', तेवढ्यावर सगळं निभावलं होतं. आज शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांची जीभ रेटेना.

"अगं," अण्णा म्हणाले. "ये. बस. ही जागा तुझ्यासाठीच ठेवलीय."

वर उन्हाने पत्रा कडकड वाजला. अण्णांनी दार अलगद लावलं, आत बसलेल्या माणसाचा पदर अडकू नये म्हणून लावतात तसं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फडकं घेऊन गेले तर नारळ खाली पडला होता, तांदूळ सांडले होते आणि गजरा चुरगळला होता. डाव्या गादीच्या कोऱ्या चामड्यावर मधोमध एक खोलगट जागा झाली होती.

अण्णांनी तिच्यावर हात ठेवला. दमट हवेने चामडं सैल पडलं असेल, असं त्यांची अक्कल त्यांना सांगत होती. मग उजवीकडचं का नाही पडलं? अण्णा पॉवरहाउसात आयुष्यभर मीटरचे काटे वाचत आलेले, उगाच कशावर विश्वास ठेवणारे नव्हेत. पण त्या सकाळी त्यांनी विश्वास ठेवला. "आलीस होय गं?" ते म्हणाले, आणि बायकोच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच मनसोक्त रडले.

रडून झाल्यावर त्यांना दिसलं, पाट गाडीत नव्हता. शेडच्या भिंतीशी उभा करून ठेवला होता.

"हौसाबाई, गाडीतला पाट तुम्ही बाहेर काढलात का?"

"मी नाय बाय. मना काय करायचाय त्यो?" हौसाबाईने हात झटकले. "मी त्या गाडीला बोट नाय लावत. तुमीच काढला असंल नि विसरला असंल."

विसरलो असेन, अण्णा म्हणाले. वयच झालं आता. त्यांनी पाट परत जागेवर ठेवला.

तो पुढच्या सकाळी पुन्हा भिंतीशी होता. त्याच्या पुढच्याही. रागाने फेकलेला नाही, तिरका पडलेला नाही, अगदी नीट उभा. नको असलेलं ताट माणूस सभ्यपणे बाजूला सारतो तसा.

४

तिच्याशी बोलायची अण्णांना हळूहळू सवयच झाली. संध्याकाळचा चहा ते शेडमध्ये घेऊ लागले. उजवीकडे स्टिअरिंगच्या चाकामागे स्वतः बसायचं, बशी मांडीवर घ्यायची आणि दिवसभराचं सांगायचं. चित्राचं पत्र आलं, तिला दिवस गेलेत. पेरू फार किडके निघाले यंदा. शेवटी म्हणायचं, "अगं, ऐकतेस ना?"

आणि डाव्या गादीची स्प्रिंग करकरायची. शेजारचं माणूस जरासं आपल्याकडे सरकून बसलं की करकरते, तेवढीच.

अण्णा माणसात आले हो! दाढी रोज होऊ लागली, अंगात इस्त्रीचा सदरा आला. पोस्टमनला त्यांनी स्वतः होऊन चहा पाजला. एकच गोष्ट त्यांना टोचत होती, ती म्हणजे तो पाट. आपल्या पाटावाचून ती कधी बसली नाही, मग आताच हे काय? शिवाय सुमतीबाईंच्या तोंडाला खीळ कशी ती नसायची. तीन वाक्यं बोलायला गेलं तर दोन त्याच बोलायच्या. ही मात्र नुसती ऐकते. अण्णांनी मनाची समजूत घातली. पलीकडे गेलेल्यांना बोलता येत नसेल. पाय लोंबकळण्याचाही त्रास तिकडे संपत असेल. कुणी बघून आलंय?

तरी त्यांनी सहदेवला बोलावलं आणि पाट इस्क्रूंनी खाली पक्का करून घ्यायला सांगितला.

सहदेवने गाडीकडे बघितलं आणि तो दारातच थबकला. "अण्णा, गाडी डावीकडं का बसलीय?"

"म्हणजे?"

"झुकलीय की! डाव्या चाकावरची पोलादी कमान दबलीय. नवी घातलेली, महिना दोन महिने नाही झाले." त्याने वाकून आत डोकं घातलं, गादी दाबून बघितली, पार पुढे पाय ठेवायच्या उतारावर हात फिरवला. "इथला रंग घासलाय. कोण बसतं हो हितं?"

"कुणी नाही बसत."

"बसतं की. टाचा घासल्यात. ह्या अशा." त्याने दाखवलं. जागा पार लांब होती, इंजिनाच्या भिंतीला लागून. "चांगला उंचापुरा माणूस असणार. माझा पाय नाही पोचत तिथवर."

"तू तुझं काम कर," अण्णा एकदम खेकसले. सहदेव चपापला. अण्णांचा आवाज एवढा चढलेला त्याने कधी ऐकला नव्हता. मुकाट्याने त्याने पाट ठोकूनठाकून पक्का केला आणि गेला. जाताना गाडीची तब्येत कशी आहे ते काही तो बोलला नाही.

सकाळी पाट भिंतीशी उभा होता. इस्क्रू गाडीच्या मीटरांखालच्या फळीवर ओळीने मांडून ठेवले होते. एकालाही ओरखडा नव्हता.

अण्णांनी पाट पुन्हा बसवला नाही. आग्रह तरी किती करायचा? आलेलं माणूस रुसून उठून गेलं तर?

५

सुतक फिटल्यावर सरोजवहिनी डाळिंबी उसळीची वाटी घेऊन आल्या. नवमीला येता आलं नाही म्हणून हळहळल्या, चित्राची बातमी ऐकून खूश झाल्या. मग पदराने वारा घेत म्हणाल्या, "काल पाहुण्या कोण आल्या होत्या तुमच्याकडे?"

"माझ्याकडे?"

"दिवेलागणीला हो. तुम्ही कपबशी घेऊन घरात गेलात, तेव्हा गाडीत बसून होत्या. मी तुळशीपाशी होते, कुंपणातून दिसल्या. पाठमोऱ्या होत्या. उंच आहेत हो चांगल्या! टप दुमडलेला, म्हणून बरं. नाहीतर डोकं टेकलं असतं." वहिनी हसल्या. "मी 'अहो बाई' म्हणून हाक मारली, पण वळल्या नाहीत. चित्राच्या सासरच्या का?"

अण्णांच्या हातात उसळीची वाटी होती. ती त्यांनी सावकाश टेबलावर ठेवली.

आता या घटकेला त्यांना खरं सांगता आलं असतं. वहिनी, शेडमध्ये कुणी नव्हतं, मला भीती वाटते, यजमानांना जरा पाठवा, असं म्हणता आलं असतं. वहिनींनी ते ऐकलंही असतं, बाई सुज्ञ होती.

"हो," अण्णा म्हणाले. "सासरच्याच. जरा ऐकायला कमी येतं त्यांना."

खोटं त्यांच्या तोंडून इतकं सफाईने गेलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. वहिनी गेल्यावर ते कितीतरी वेळ खिडकीशी उभे राहिले. शेडचं दार अर्धवट उघडं होतं. आत गाडीचं हिरवं नाक चकचकत होतं, डावीकडे झुकलेलं. माणूस वाढतो का हो मेल्यावर? वाढत असेल, अण्णांनी स्वतःला बजावलं. ही हौस तिला जन्मभर होती. नेहमी म्हणायची, देवाने मला वीतभर उंची जास्त दिली असती तर काय बिघडलं असतं त्याचं?

त्या संध्याकाळी चहा घेताना ते डावीकडे बघत नव्हते. बोलत मात्र होते.

६

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडूचं तोरण पुढच्या जाळीला बांधलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. अण्णांनी ठरवूनच टाकलं होतं, आज टिटवाळा. देवाच्या दारात गेलं की काय ते कळेल. ती असेल तर हसेल, तिला दिलेला शब्द पाळला म्हणून. आणि नसेल तर... त्याच्यापुढचं वाक्य त्यांनी मनातसुद्धा पुरं केलं नाही. पाट त्यांनी गादीमागच्या फटीत घातला. तिचा आहे, तिच्याबरोबर असू दे.

जेवून निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पत्री पूल, कल्याण, मग मुरबाडचा रस्ता. पोरं गाडीमागे ओरडत धावली, एका म्हाताऱ्याने सोनं दिल्यासारखा हात वर केला. गाडी झकास पळत होती, फक्त डावीकडे ओढत होती. अण्णांना चाक सारखं उजवीकडे धरून ठेवावं लागत होतं.

"अगं, हे बघ शहाड," ते म्हणत होते. "अगं, ही उल्हास नदी. पाणी बघ केवढं आहे अजून."

स्प्रिंग करकरत होती, प्रत्येक वेळी.

रायत्याचा पूल मागे पडला. रस्त्यावर माणूस नव्हतं, दोन्हीकडे भाताची पिवळी खाचरं. रस्ता वळला आणि सूर्य बरोबर पाठीमागे आला. गाडीची सावली बॉनेटपुढे रस्त्यावर पडली आणि पसरत गेली.

सावलीत दोन डोकी होती.

उजवीकडचं अण्णांचं, टोपी घातलेलं. डावीकडचं त्याच्याही वर निघालेलं. नुसतं वर नव्हे, मान आणि खांदेसुद्धा वर. खांदे अरुंद होते. आणि ते डोकं रस्त्याकडे बघत नव्हतं. ते टोपीवर वाकलेलं होतं, लक्ष देऊन ऐकणाऱ्यासारखं.

७

टिटवाळ्याचा फाटा आला तिथे मैलाचा दगड होता. अण्णांनी गाडी त्याच्याजवळ उभी केली, इंजिन बंद केलं. डावीकडे मान वळवायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. ते नाकासमोर बघत राहिले. तापलेलं इंजिन निवताना टिकटिक करत होतं.

मग जे आयुष्यात एकदाच केलं होतं ते त्यांनी पुन्हा केलं.

"सुमती," ते म्हणाले.

काही नाही.

"सुमती, तूच आहेस ना?"

गादी करकरली नाही. कुणी सरकलं नाही. शेजारी वजन होतं, ते अंगाला कळत होतं, पण दुसऱ्या कुणाला हाक मारली की आपण जसे गप्प राहतो, तसं कुणीतरी गप्प बसलं होतं.

अण्णांना रडू फुटलं. इतके दिवस जिला चित्राच्या पत्रांतलं, पेरूंचं, मनातलं सगळं सांगितलं ती ही कोण? 'अगं' म्हणून बोलावलं होतं. 'अगं' काय, कुठल्याही बाईला म्हणतात. एक नाव घ्यायला लाजलो मी, एवढंच झालं.

फाट्यावरून आत गेलं की देऊळ. हिला घेऊन तिथं कुठल्या तोंडाने जायचं? 'उतरा' म्हणावं, एवढं एक म्हणावं, की झालं. शब्द ओठावर आलाही. आणि त्याच्यामागोमाग त्यांना शेड दिसली, सरळ उभी असलेली गाडी दिसली, संध्याकाळ दिसली. मांडीवरची बशी दिसली आणि सकाळी गाडीची तब्येत विचारणारा दूधवाला दिसला. चित्रा वर्षातून एकदा यायची, आता बाळ झाल्यावर तेही नाही.

अण्णांनी डोळे पुसले. मग अगदी हळू, ऐकू जाऊ नये अशी आशा करत, ते म्हणाले, "अगं."

स्प्रिंग करकरली. त्यांच्या दंडाला गार काहीतरी टेकलं आणि टेकूनच राहिलं.

ते उजव्या दाराने उतरले. गादीमागून पाट काढला, सदऱ्याच्या बाहीने पुसला. हळदकुंकवाचे डाग अजून त्यावर होते. मैलाच्या दगडापुढे, एखादं माणूस दगडावर टेकलं तर पायांखाली येईल असा, त्यांनी तो मांडला.

"इथून जवळच आहे देऊळ," पाटाकडे बघत ते म्हणाले. "माझ्याच्यानं आता पुढं व्हायचं नाही गं. रागावू नकोस."

मग ते परत आले, चाकामागे बसले आणि गाडी डोंबिवलीच्या दिशेला वळवली. ऊन आता समोरून डोळ्यांत येत होतं. गाडीच्या चिमुकल्या आरशात फाटा दिसत होता, दगडाचा पांढरा माथा दिसत होता. अण्णांनी हात लांब करून आरसा आभाळाकडे फिरवला. त्या दगडावर पाटावर पाय ठेवून कुणी बसलंय का, ते त्यांना बघायचं नव्हतं.

"गार लागत असेल तर सांग हं," ते शेजारी म्हणाले, आणि त्यांनी गाडी जोरात सोडली.